चिकूची कात, आप्पांचा कौल

१४ जुलै, सोमवार

सई काल बंगळुरूला गेली. जाताना दोन बॅगा घेऊन गेली आणि एक कोळी ठेवून गेली. हॉस्टेलवर पाळीव प्राणी चालत नाहीत म्हणे. हे आणताना माहीत नव्हतं का, विचारलं तर म्हणते, "आई, अगं किती शांत आहे बघ." शांत तर मीही आहे. मला कोणी काचेच्या पेटीत बसवून आयतं जेवायला घालत नाही.

नाव चिकू. रंग चिकूचाच, अंगभर कुरळी लव. पाय पसरले तरी माझ्या तळहातात मावेल एवढं. अजून लहान आहे, बरंच वाढायचंय. नर का मादी, ठाऊक नाही, म्हणून घरात जो तो आपल्या मनाप्रमाणे बोलतो. मी आपलं 'ते' म्हणते.

पेटी कुठे ठेवायची यावर जेवताना चर्चा. मंदारने हात वर केले. दिवसभर पिंपळगावचं कोल्ड स्टोरेज सांभाळतो, घरी आल्यावर किडे नकोत, असं नवऱ्याचं म्हणणं. सासरे काहीच बोलले नाहीत. आप्पा हल्ली बोलतच नाहीत. जन्मभर रामकुंडावर दुसऱ्यांच्या आईबापांची पिंडं घातली ह्या माणसाने, आणि गेल्या वर्षी सासूबाईंचं स्वतःच्या हाताने केल्यावर पळी-पंचपात्र कपाटात ठेवून दिलं. घाटावर जाणंच बंद. शेवटी पेटी त्यांच्याच खोलीत ठेवली. खोली उबदार आहे आणि त्यांनी नाही म्हटलं नाही.

१८ जुलै, शुक्रवार

चिकूचा खाऊ आला. खाऊ म्हणजे जिवंत रातकिडे, जाळीच्या डब्यात, पुण्याहून. कुरिअरवाल्याने डबा कानाशी नेला आणि सही न घेताच जिना उतरला.

मंगल, म्हणजे आमच्याकडे स्वयंपाक आणि केरवारा दोन्ही करते ती, हरसूलची. तिने आधीच सांगून टाकलंय, ते जित्राब ज्या खोलीत हाय तिथं मी झाडू मारणार नाय. म्हणजे आठवड्यातून एकदा चिमट्याने रातकिडा सोडायचं काम माझ्याकडे. दिवसभर सोनोग्राफीला बायकांची पोटं बघायची आणि घरी येऊन ह्याचं पोट भरायचं.

चिमटा घेऊन आत गेले तर डब्यातल्यांनी सूर धरलेला. आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. न वळताच म्हणाले, "वैदिक मंडळी आली वाटतं." हा विनोद आहे हे मला आधी कळलंच नाही. वर्षभरातला पहिला. बाहेर येऊन मंदारला फोन लावला. तो म्हणाला, एवढ्यासाठी फोन? हो, एवढ्यासाठीच.

५ ऑगस्ट, मंगळवार

चिमटा आप्पांकडे गेला. मी दिला नाही, त्यांनी मागितला नाही, आपोआप गेला. संध्या झाली की उपरणं सावरून पेटीसमोर बसतात आणि बोलतात त्याच्याशी. काल का रुसला होतास, कोपऱ्यात काय ठेवलंय तुझं, असलं सगळं. आईशी एवढं कधी बोलले नाहीत, असं मंदार म्हणून गेला.

आज चिकूच्या जेवणाचा वार, पण दिलं नाही. का, तर एकादशी. सई फोनवर हसून बेजार. म्हणाली, काही हरकत नाही, महिनाभर नाही मिळालं तरी त्यांना चालतं. आप्पा म्हणाले, चालण्याचा प्रश्न नाही, ज्या घरात राहायचं त्या घरचं पाळावं. उद्या पारणं. दोन रातकिडे मिळणार.

लिफ्ट असताना जिन्याने येतात आणि वर आल्यावर दम लागतो. विचारलं तर 'वय' म्हणतात. ऐकत नाही मी आता. दाखवून आणणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वय नाही. झडप.

हृदयाची एक झडप कडक झालीये, नीट उघडत नाही. डॉक्टर ओळखीचे. मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं: ऑपरेशन करून झडप बदलली तर चांगले हिंडते-फिरते होतील. नाही केलं तर पुढच्या वर्षाचं काही सांगत नाही. दिवाळीच्या फार पुढे ढकलू नका.

आप्पांना घरी आल्यावर सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कशासाठी?" मंदारने समजावलं, मग चिडला. आप्पांचं एकच, माझं सगळं झालंय. मी म्हटलं, पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे, त्याच्यासाठी सगळं शहर खणून ठेवलंय, तो तरी बघाल ना? तर म्हणे, पुष्कळ बघितले.

हट्टी म्हातारा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुटी. सईचा व्हिडिओ कॉल. तिला आजोबांचं कळवलं होतं, पण थेट विषय काढायची तिला भीती, म्हणून चिकूची चौकशी. आप्पांनी विचारलं, हे जगतं तरी किती?

सई म्हणाली, ते नर का मादी त्यावर आहे. मादी असेल तर वीस वर्षं कुठे गेली नाहीत. नर असेल तर चार-पाच वर्षांत मोठा होतो, मोठेपणाची शेवटची कात टाकतो आणि मग वर्षभरात संपतो. खाणं सोडतो, नुसता फिरत राहतो.

आप्पा म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखं."

मग तेच म्हणाले, "असं करू. ह्याच्यावरच कौल लावू. मादी निघाली तर छाती उघडून घेतो. वीस वर्षं बघायला कोणीतरी हवं. नर निघाला तर माझा पिच्छा सोडायचा. आम्ही दोघं आपापले जाऊ."

मंदार हसला, त्याला गंमत वाटली. मला नाही वाटली. मी ह्या घरात इतकी वर्षं काढलीत, आप्पांची गंमत आणि आप्पांची शपथ दिसायला सारखीच असते.

ओळखायचं कसं, तर सई म्हणाली, पुढची कात टाकली की कातीवरून कळतं. भिंगाखाली. "आई बघेल की. तिचं कामच आहे ते."

माझं काम! क्लिनिकच्या दारावर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' असा बोर्ड लावून मी आयुष्य काढलं. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. बायका ओठांकडे बघत राहतात, म्हणून चेहरा लाकडी ठेवायला शिकले. आणि आता हे माझ्याकडे.

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळी आप्पांची हाक. आप्पा हाका मारणाऱ्यातले नाहीत, म्हणून हातातलं पोळीचं पीठ तसंच घेऊन धावले. वाटलं, छातीत आलं. तर स्वतः धडधाकट उभे, फक्त चेहरा उतरलेला. "मेधा, गेलं गं ते." चिकू पेटीत उताणं, आठही पाय वर.

सईला फोन. ती लेक्चरमधून बाहेर आली आणि ओरडलीच, हात लावू नका, मेलेलं नाही, कात टाकतंय, उताणं होऊनच टाकतात.

मग आप्पांनी खुर्ची ओढली. वारा लागू नये म्हणून पंखा बंद. घामाने न्हाऊन निघाले पण हलले नाहीत. "हळू. घाई नाही. येईल तो पाय, येईल." किती वेळ चाललं होतं. दुपारपर्यंत बाहेर आलं, ओलं, नाजूक, ओळखू न येणारं, आणि शेजारी त्याच्याच आकाराची पोकळ कात. आप्पांचे डोळे भरले होते. मला बघून म्हणाले, घाम आहे. असेल.

क्लिनिकला उशीर. बायका भरलं पोट आणि भरलेलं मूत्राशय घेऊन ताटकळत होत्या. शिव्या खाल्ल्या. मुकाट्याने खाल्ल्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

कात नाही.

आप्पांनी काल चिमट्याने काढून कागदावर ठेवली होती, खिडकीत. आज कागद आहे, कात नाही. वाऱ्याने गेली म्हणून मंदारने गॅलरी झाडली, मी पलंगाखाली आडवी झाले. आणि मंगल सुटी टाकून माहेरी हरसूलला. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

फोन केला. तिने लपवलं वगैरे काही नाही. सापाची कात लोक तिजोरीत ठेवत्यात, बरकत राहते, आणि ही तर आठ पायांची, लय भारी, म्हणून नेली. आईच्या घरी तांदळाच्या कणगीत ठेवलीये, हळदकुंकू वाहून. जी बाई त्या खोलीत पाय ठेवत नव्हती, ती कात रुमालात बांधून एसटीने घेऊन गेली. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "ताई, तुम्ही तर फेकूनच देणार व्हता ना?"

आता हिला कोण सांगणार होतं, की आमच्या घरचा जीव त्या कातीत अडकलाय.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीत मंगल परत आली, रुमालासकट. पायांचे तुकडे, आणि पोटाचा भाग, जो बघायचा तोच, हळदीत चुरा झालेला. सईचं शाळेतलं मायक्रोस्कोप काढून बघत बसले. नुसती हळद दिसली.

मंगलला सगळं सांगितलं तेव्हा ती ओट्याला टेकून रडायला लागली. म्हणाली, आप्पांसाठी तर मी अख्खी कणगी आणून दिली असती. मग मीच तिला पाणी दिलं. रागवायचं राहूनच गेलं.

आप्पा म्हणाले, तारीख पुढची पडली. सई म्हणते, पुढची कात दीडदोन महिन्यांनी. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. डॉक्टर फोन करतात, काय ठरलं. मी काय सांगू, की कोळ्याची वाट बघतोय? 'घरी बोलणं चालू आहे' म्हणते.

९ सप्टेंबर, मंगळवार

सईने चिकूचे पोटाकडून फोटो मागवले. काचेवर चढलं की खालून काढायचे. तिच्या कोळी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. निम्मे म्हणाले नर, निम्मे म्हणाले मादी, एकाने विचारलं विकणार का. लहान असताना पोटावरून खात्रीने सांगता येत नाही म्हणे. आप्पा म्हणाले, ह्यांच्यापेक्षा पत्रिका बघणारे परवडले.

संध्याकाळी वेगळंच लचांड. खालच्या मजल्यावरच्या काकू पेढे घेऊन आल्या, मागे पोटुशी सून, सुनेच्या हातात फाईल. इकडचं तिकडचं झाल्यावर काकू हळूच म्हणाल्या, ऐकलं की तुम्ही हल्ली घरी बघून सांगता. कोण म्हणालं? मंगल जिन्यात म्हणाली होती, आमच्या म्याडम भिंगातून बघून सांगणार हायेत, पोरगा का पोरगी.

कपाळावर हात मारायलाही वेळ नव्हता. काकूंना हाताला धरून आप्पांच्या खोलीत नेलं आणि पेटीचं झाकण काढलं. म्हटलं, ह्याचं बघून सांगते. काकू पेढे विसरून खाली गेल्या. सून मात्र दारात थांबली. खुदकन हसली आणि म्हणाली, मला काहीही चालणार आहे हो. तिला दोन पेढे मी दिले.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

सासूबाईंचं श्राद्ध. भटजी बोलवू का विचारलं तर आप्पांनी नुसतं बघितलं. कपाटातून पळी-पंचपात्र काढलं, चिंचेने घासलं, स्वतः बसले. आवाज अजून तसाच खणखणीत. मध्ये दोनदा थांबावं लागलं, दमासाठी. मंदार शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होता, मी दाराआडून. तर्पणाचं पाणी सोडायचं तेवढंच सोडलं.

नंतर पानं वाढताना मला म्हणाले, शेवटी शेवटी तिला दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी चालत नव्हतं. नर्सने दिलं तर ओठ मिटायची. मला हे माहीत होतं, मी तिथेच होते. पण त्यांनी बोलून दाखवलं आज पहिल्यांदा.

२८ सप्टेंबर, रविवार

चिकू जेवत नाही. पोट काळपट आणि ताणलेलं. सई म्हणते, कात जवळ आलीये. आप्पाही कमीच जेवतात, रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपतात. मी दोघांच्या खोलीत डोकावते आणि दोघं मला बघून न बघितल्यासारखं करतात.

मंगल आता रोज ती खोली झाडते. पेटीला नमस्कारही करते. पोरगी असू दे बाई, म्हणते.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल कात टाकली. ह्या वेळी आप्पांनी ती स्वतः डबीत घालून माझ्या हातात दिली.

आज बघितली. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, त्यात भिजवून मऊ केली. सईच्या रंगपेटीतला बारीक ब्रश. पोटाचा भाग हळूहळू उलगडला. वरच्या बाजूला फुप्फुसांची जोडी पांढुरकी दिसते, तिच्या मधोमध, आतल्या अंगाला, मादी असेल तर छोटासा खिसा असतो. दिसला तर मुलगी.

सपाट. दिवा हलवला, कड पुन्हा सोडवली, उलटसुलट करून बघितलं. सपाटच. लहान आहे खरं, पण मला दिसायचं ते दिसलं.

आप्पा समोरच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात. "काय?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "सगळं नॉर्मल आहे, आप्पा."

जीभच वळली तशी. दुसरं वाक्य तिला येतच नाही. आप्पा हसायला लागले. खरंखुरं हसले, खोकला येईपर्यंत. म्हणाले, "हे तू बाहेरच्यांना सांगतेस." मग उठताना म्हणाले, "तुझ्या सवडीने सांग. पण मलाच सांग, आणि तूच सांग."

स्वयंपाकघरात मंदारने गाठलं. माझं तोंड बघूनच त्याला कळलं. म्हणाला, मादी सांग. दोन-तीन वर्षांनी कळेल तेव्हा कळेल, तोवर ऑपरेशन होऊन माणूस बरा होईल. सई फोनवर तेच. मंगल भांडी घासता घासता, पोरगी झाली म्हना की ताई, काय बिघडतं. अख्खं घर मुलगी मागतंय. एरवी ह्यासाठी मी पेढे वाटले असते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं.

दोन दिवस घोळवत होते. मंदारचं चुकीचं नाही. पण छाती उघडायची, ते सुद्धा मी खोटं बोलले म्हणून? टेबलावर काही झालं तर ते मी बोललेल्या खोट्यावर गेले असं होईल. आणि त्यांनी मला विचारलंय. ह्या घरात एवढ्या वर्षांत त्यांनी मला फार काही विचारलेलं नाही.

संध्या झाल्यावर खोलीत गेले, दार लोटलं आणि म्हटलं, "आप्पा, नर आहे."

नातेवाइकाला हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोलले. आप्पांनी मान हलवली. "बरं." मग चिकूकडे बघत बसले. मी उभीच. मला म्हणाले, जा, पोळ्या गार होतील.

मंदार माझ्याशी बोलत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

घरात दिवे आहेत, आवाज नाही. मंदार फराळाचं सामान आणून ओट्यावर ठेवतो आणि बाहेर जातो. सत्यवती कुठली, असं मला ऐकू येईल इतपत पुटपुटला. डॉक्टरांचा फोन आला, उचलला नाही.

सगळ्यात वाईट हे, की आप्पांनी चिमट्याला हात लावलेला नाही. कात टाकल्यावर अंग कडक झालं की खायला द्यायचं असतं, ते मीच दिलं. चुकलं का माझं? खोटं बोलायला काय लागत होतं, एक अक्षर इकडचं तिकडे. चिडचिड होते नुसती. चकली तुटली तर रडू आलं. मंगलने काही न बोलता सोऱ्या माझ्या हातातून घेतला.

मला आप्पा हवे आहेत. तत्त्व, बोर्ड, कायदा राहू दे सगळं. मला ते घरात हवे आहेत, त्यांच्या त्या हट्टासकट.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सई आली काल. आजोबांशी चिकूचं काही काढू नको, बजावलं होतं.

आज सकाळी ओवाळून झालं, सगळे टेबलाशी. आप्पांनीच काढलं. सईला विचारलं, शेवटची कात टाकल्यावर तो जेवत नाही म्हणालीस, मग पाणी? ती म्हणाली, पाणी लागतं. अशक्त होतात, वाटीपर्यंत जाता येत नाही कधी कधी, मग वाटी जवळ सरकवावी लागते, थेंब थेंब द्यावं लागतं.

"कोण देणार?"

सई मंदारकडे बघायला लागली, मंदार माझ्याकडे.

"मंगल लांबून नमस्कार करते. मंदारला किळस. तू बंगळुरूला. ही क्लिनिकला." बोट माझ्याकडे. "अजून दोन-तीन वर्षांनी येईल ती वेळ. तेव्हा त्याला परक्याच्या हातून पाणी प्यायला लावायचं का?"

मंदारने विचारलं, म्हणजे काय आप्पा?

"म्हणजे त्या डॉक्टरला फोन लाव. झडप बसवू दे."

मला राहवलं नाही. म्हटलं, कौल तर उलटा आला होता. आप्पा अनारशाचा तुकडा मोडत म्हणाले, "कौल मीच लावला, मीच मोडतो. प्रायश्चित्त मला पाठ आहे."

सई उठून त्यांच्या गळ्यात पडली. मंदार बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला. बाहेर आल्यावर माझ्या ताटात न विचारता दुसरा अनारसा वाढला. आठ दिवसांनी नवरा बोलला, तेही 'घे' एवढंच. मी घेतला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तारीख मिळाली, सतरा. तपासण्या चालू. आप्पा मला पेटीचं शिकवतात. पाण्याची वाटी रोज विसळायची, पण पेटी हलवायची नाही, दचकतो. रातकिडा मोठा नको. जेवला नाही तर सकाळी काढून घ्यायचा, उपाशी प्राण्याजवळ अन्न ठेवून छळू नये. मी कागदावर लिहायला लागले तर म्हणाले, लिहिशील आणि हरवशील, करून बघ.

चिमटा धरला. रातकिडा दोनदा निसटला. रोज सुया धरणारी बाई मी. आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. चिकू आला, घेतलं, गेला.

नखं निळसर दिसतात आप्पांची. दहा दिवस पुष्कळ वाटतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल ॲडमिट केलं. उद्या ऑपरेशन. डॉक्टरांनी धोका सांगितला. वय, बाकी सगळं. आप्पांनी ऐकलं आणि सही केली, मोडी वळणाची ती लांबलचक सही.

संध्याकाळी मंदार आणि सई चहाला खाली गेले. आम्ही दोघंच. चिकू काय करतोय, विचारलं. म्हटलं, सकाळी पाणी बदललं, बिळाच्या तोंडाशी बसलाय, बरा आहे. मग डोळे मिटून पडले. मला वाटलं डोळा लागला.

"मेधा, तुझी चूक होऊ शकते का?"

मी विचारलं, कशात?

"चिकूच्यात. लहान आहे अजून, तूच म्हणाली होतीस. मादी असेल तर? मग वीस वर्षं झाली की. मग ऐंशीपर्यंत पुरायचं माझं गणित चुकतं." हसत होते, पण डोळे माझ्या ओठांवर होते. तसे डोळे मी रोज बघते. त्यांना काय ऐकायचंय ते मला रोज कळतं आणि रोज मी काही सांगत नाही.

"होऊ शकते, आप्पा," मी म्हटलं. "एवढ्याशा कातीत कधी कधी दिसत नाही. पुढच्या कातीला नक्की कळेल."

"मग पुढची कात आपण दोघं बघू. मला तो खिसा दाखव तुझा, कुठे असतो ते."

हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरला तो सोडला नाही.

त्या कातीत मला काहीच शंका नव्हती. तरी हो म्हटलं, आणि म्हणता म्हणता मलाही वाटायला लागलं, की कड नीट सुटली नसेल कदाचित, दिवा कमी पडला असेल. सकाळी सातला आत नेणार आहेत.